पाच मंगळवारांचे खोटे आकडे

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या एका कंपनीत, जिथं गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना बनतात. माझं काम थोडक्यात सांगायचं तर दुसऱ्यानं लिहिलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवणं. ऑपरेटरनं दर तासाला पाच पिना मोजायच्या, आकडे चेकशीटवर लिहायचे, आणि मी लाइनवर फिरत येऊन त्यातल्या दोन पुन्हा मोजायच्या. जमलं तर सही. नाही जमलं तर लाल टॅग, आणि माल बाजूला. लोक मला तोंडावर मॅडम म्हणतात, मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील दुसऱ्याच्या गिरणीवर दळण दळायचे. आईला सही येते, ती पण चित्र काढल्यासारखी. मी बी.एस्सी. केलं, फर्स्ट क्लास, रोज एसटीनं जाऊन येऊन. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. नोकरीला आठ वर्षं झाली, माझ्या सहीनं गेलेला एकही लॉट गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. तेही सांगते.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणातून केलं असं कुणाला वाटायला नको. मी ते शिकलेली होते म्हणूनच केलं.

आजार आला तेव्हा तो आजार आहे हे कळायलाच मला चार महिने गेले. मायक्रोमीटर हातात धरून आकडा वाचायचा आणि कागदापर्यंत पोचेस्तोवर तो विसरायचा, असं व्हायला लागलं. अंघोळीला बसले की तांब्या भरून तशीच बसून राहायचे. कंपनीच्या बसमध्ये चऱ्होलीपासून चाकणपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडायचे, आणि गेटवर कार्ड टेकवताना रडणं आपोआप थांबायचं. कशानं झालं, असं लोक अजून विचारतात. नवरा चांगला, सासू चांगली, घर स्वतःचं. मग कशानं? मलाही सांगता येत नाही. कारण सापडलं असतं तर मी ते केव्हाच लाल टॅग लावून बाजूला ठेवलं असतं.

सासूला आम्ही आत्या म्हणतो. त्या मूळच्या चऱ्होलीच्या. गावाभोवती इमारती उठल्या तरी त्यांचं बोलणं होतं तिथंच राहिलं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तुझी बायको कालवणात मीठ दोनदा टाकती आन् विचारलं तर माझ्याकडं बघून हसती, हे बरं लक्षण न्हाई. नवरा भोसरीला एका टूलरूममध्ये आहे, कमी बोलतो. त्यानं सुट्टी टाकली आणि मला पिंपरीच्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि डिप्रेशन म्हणून सांगितलं, गोळी सुरू केली. घरी आल्यावर आत्या काय म्हणतील याची मला भीती होती. त्यांनी गोळीचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोक्याची व्हय? मंग माझी बीपीची कशाची हाय? खा की गुमान."

त्याच हॉस्पिटलात तेव्हा एक अभ्यास चालू होता. गोळी सगळ्यांनाच, पण काही जणांना त्याच्याबरोबर दर आठवड्याला समुपदेशन, आणि तेही डॉक्टरांनी नाही तर शिकवून तयार केलेल्या साध्या पदवीधर मुलींनी द्यायचं. आपल्याकडे मनाचे डॉक्टर किती आणि आजारी किती, मग हे काम दुसऱ्या कुणाला जमतं का, हे त्यांना पाहायचं होतं. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवणार. संमतीचा फॉर्म बहुतेक लोक न वाचताच सही करून परत देतात म्हणे. मी पानन् पान वाचलं आणि अकरा शंका विचारल्या. पद्धत मला पटली. दर भेटीला नऊ प्रश्न. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का, असे. गेल्या दोन आठवड्यांत अजिबात नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. बेरीज जितकी जास्त तितका आजार जास्त. पुढचं पाऊल डॉक्टरच्या मर्जीवर नाही, बेरजेवर ठरणार. आकडा उतरला तर सात भेटींनंतर समुपदेशन संपवायचं. नाही उतरला तर औषध बदलायचं, भेटी वाढवायच्या.

माझी चिठ्ठी समुपदेशनाची निघाली. पहिल्या मंगळवारी बेरीज आली एकोणीस. ती खरी होती.

समुपदेशक मुलगी लातूरकडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिनं मला एक तक्ता दिला. रोज एक छोटं काम ठरवून करायचं, मन असो नसो. गच्चीवर दोन फेऱ्या, आईला फोन, एक भाजी स्वतः निवडणं. आणि संध्याकाळी त्या दिवसाचं लिहून ठेवायचं, काय केलं आणि कसं वाटलं. नऊ प्रश्नांचा कागद आठवड्याच्या शेवटी घरूनच भरून आणायचा, म्हणजे भेटीचा वेळ बोलण्याला मिळेल.

इथंच माझं बिघडलं. पहिल्या आठवड्यात मी त्यातलं एकही काम केलं नाही. सोमवारी कोरा तक्ता समोर घेऊन बसले आणि वाटलं, असाच नेला तर ही पोरगी काय म्हणेल. मॅडम एवढ्या शिकलेल्या, अकरा शंका विचारणाऱ्या, आणि गच्चीवर दोन फेऱ्या होईनात. मी आयुष्यात पेपर कोरा दिलेला नाही. मग भरला. सातही दिवस एका बैठकीत.

आणि भरला तो असा भरला की कुणाच्या बापाला कळू नये. कारण खोटी चेकशीट कशी ओळखायची हे माझ्याइतकं कुणाला माहीत? ऑपरेटर शिफ्ट संपताना सगळं एकदम भरतो तेव्हा एकच पेन असतं, अक्षराचा एकच कल असतो, कागदाला घडी नसते, तेलाचा डाग नसतो. मी दोन पेनं वापरली. बुधवारचं अक्षर घाईत काढलं. कागद पर्समध्ये कोंबून चुरगळला. बेरीज एकोणीसवरून सोळा केली. पुढच्या मंगळवारी चौदा. त्याच्या पुढच्या मंगळवारी मुद्दाम पंधरा, कारण सरळ उतरणारा आकडा बघून मला स्वतःला संशय आला असता. मग अकरा. मग आठ. नवव्या प्रश्नाला दर वेळी शून्य, पहिल्या मंगळवारी खरोखरच होतं तसं. नववा प्रश्न असा होता की, मरून गेलेलं बरं असा विचार मनात येतो का.

मुलगी खूश. तिनं ग्राफ काढून दाखवला. डॉक्टरीणबाई खूश. नवऱ्याला मी घरी आल्यावर आकडा सांगायचे. आठ सांगितला तेव्हा तो म्हणाला, "रिजेक्शन कमी झालं म्हणायचं तुमच्या लाइनचं," आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला. त्या हसण्यासाठी मी सहासुद्धा लिहिला असता.

त्याच आठवड्यात त्याच्या कंपनीनं त्याला दोन महिन्यांसाठी चेन्नईच्या प्लांटला जायला सांगितलं. आधी दोनदा त्यानं माझ्यासाठी नाही म्हटलं होतं. या वेळी हो म्हणाला. तू आता बरी आहेस, तो म्हणाला. पुढच्या रविवारी निघणार होता. मंगळवारी समुपदेशनाची शेवटची भेट, रविवारी नवरा चेन्नईला, आणि घरी मी, आत्या आणि बहुतेक दिवशी पहाटे डोळा उघडताक्षणी येणारा तो नवव्या प्रश्नातला विचार. तो काही आठवर आला नव्हता.

सोमवारी पहिल्या शिफ्टला मी लाइनवर फिरत होते. एका मशीनवर बीडकडचे एक जुने ऑपरेटर होते, माझ्या वडिलांच्या वयाला टेकलेले, कामाला पक्के. मशीन थांबलेलं होतं, ते मेंटेनन्सवाल्याची वाट बघत होते. मी चेकशीट उचलली. घड्याळात दीड वाजला होता आणि चेकशीट तीन वाजेपर्यंत भरलेली होती. सगळे आकडे मधोमध, गोडगोड. शेवटच्या तासाच्या पिना घेऊन मी मोजल्या. टूल झिजलं होतं. पाचातल्या तीन पिना हद्दीबाहेर गेल्या होत्या.

अशा वेळी मी एक भाषण देते. लाइनवर सगळ्यांना ते पाठ आहे. मशीनचं चुकलं तर दुरुस्त करता येतं, पण तुम्ही चुकलंच नाही असं लिहिलं तर दुरुस्त करणाऱ्यानं कुठं हात घालायचा? मी भाषण सुरू केलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मग मान वर करून अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, खरं लिवलं की लगेच इचारत्यात, तुमच्याच मशीनवर का होतंय? रोज रोज काय सांगावं मान्सानं?"

माझं भाषण तिथंच बंद पडलं. मी टॅग लावला, लॉट बाजूला काढला, सही केली. त्यांना वाटलं, मॅडम चिडल्या. ते मागून म्हणत राहिले की पुन्हा नाही होणार. मी लेडीज रूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला. त्या माणसाच्या तीन पिना मी दोन मिनिटांत पकडल्या, आणि माझे पाच मंगळवार एका दवाखान्याला पकडता आले नाहीत, याचा मला पाच आठवडे अभिमान वाटत होता. हे कसलं शिक्षण?

त्या संध्याकाळी मी कागद भरला नाही. आत्यांनी विचारलं, आज लिवायचं न्हाई का तुझं? मी म्हटलं, उद्या तिथंच लिहिणार आहे. त्या शेंगा फोडायला बसल्या.

मंगळवारी मी पोचले तेव्हा त्या मुलीनं टेबलावर पेढ्यांचा छोटा पुडा ठेवला होता. शेवटची भेट म्हणून. मला वाटलं, परत फिरावं. पण मी घरून निघताना ठरवलं होतं की खुर्चीत बसायच्या आधी बोलायचं. बसले की मला गोड बोलायची सवय आहे.

मी उभ्यानंच म्हणाले, "पहिला कागद सोडून बाकीचे सगळे खोटे आहेत. मी घरी बसून तयार केलेत."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं फाइल उघडली, एकेक कागद बघितला, दोन पेनं, चुरगळ, पंधराचा आकडा. तिचा चेहरा उतरत गेला. "पंधरासुद्धा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पंधरा तर सगळ्यात खोटा. ती म्हणाली की तिला मीटिंगमध्ये माझं उदाहरण द्यायला सांगितलं होतं, आणि तिनं दिलं. डोळे भरून आले तिचे. मी माफी मागितली. ती "बसा ताई" एवढंच म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

मी पेढ्यांच्या पुड्याकडे बघत बसले. आता अभ्यासातून काढतील, गोळ्याही बंद होतील, पुन्हा पहिल्यापासून कुणाच्या तरी दारात नंबर लावायचा, असं सगळं मनात झालं. डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या समोर बसल्या. मी आधीच म्हटलं, मॅडम, मी तुमचा अभ्यास खराब केला.

त्या म्हणाल्या, अभ्यासात राहिलात काय, न राहिलात काय, उपचार थांबत नसतात, ते फॉर्मवर तिसऱ्या पानावर आहे, तुम्ही तर वाचलं होतं. मी वाचलं होतंच. विसरले होते. मग त्या म्हणाल्या, "अभ्यास कशाला करतो आपण? कशाचा उपयोग होतो ते कळायला. तुम्हाला उपयोग झाला नाही, हेही कळलं पाहिजे ना कुणाला तरी."

जुन्या कागदांचं काय, मी विचारलं. फाडायचे नाहीत, त्या म्हणाल्या. व्हाइटनर लावायचं नाही, आकडे बदलायचे नाहीत. होते तसे फाइलला राहणार, आणि सोबत आजची नोंद, की रुग्णानं स्वतः येऊन असं असं सांगितलं, खाली सही, तारीख. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. आमच्याकडेही असंच असतं. चुकीचा आकडा खोडायचा तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

मग त्यांनी कोरा कागद काढला आणि प्रश्न स्वतः वाचायला घेतले. मी उत्तरं देत गेले. झोप, तीन. भूक, दोन. आपण नालायक आहोत असं वाटणं, तीन. आठ प्रश्न होईपर्यंत माझा आवाज लाइनवरच्यासारखा सरळ होता. नववा त्यांनी वाचला आणि मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सरळ करायला लागले. त्यांनी घाई केली नाही. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"निम्म्याहून जास्त दिवस," मी म्हणाले. "दोन."

मी हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते. छत कोसळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसते विचार येतात की काही ठरवलंही आहे, घरी कोण कोण असतं, कुठला वेळ सर्वांत अवघड जातो, तेव्हा कुणाला हाक मारता येते, असं एकेक सरळ विचारलं, कंबर दुखते का विचारावं तसं. ठरवलेलं काही नव्हतं. तेही खरं सांगितलं. बेरीज झाली एकवीस. आले तेव्हापेक्षा दोननं जास्त.

त्यांनी विचारलं, हे घरी कोण सांगणार? मी की तुम्ही? मी म्हटलं, मीच सांगणार. पण इथं, तुमच्यासमोर. घरी गेले तर मी बदलेन.

बोलावल्यावर नवरा भोसरीहून तसाच आला, टूलरूमच्या कपड्यांत, हाताला ग्रीस. आधी त्याला वाटलं अपघात झाला. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, दोन पेनांपासून नवव्या प्रश्नापर्यंत. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर म्हणाला, "मग तो आठ?"

"मी लिहिलेला."

"अन् खरा किती?"

"एकवीस."

तो हाताचं ग्रीस रुमालाला पुसत राहिला. निघत नव्हतं तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस गं." एवढंच. त्याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, तू हसलास ना, म्हणून नाही सांगितलं. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मग त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं की आता पुढं काय करायचं, आणि खिशातलं छोटं पेन काढून हातावर लिहायला लागला, कारण त्याच्याकडे कागद नव्हता.

औषध बदललं. भेटी आठवड्यातून दोन झाल्या. नऊ प्रश्न घरून भरून आणायचे नाहीत, तिथंच, त्या मुलीसमोर. तिनं पुढच्या भेटीत थोडं फटकूनच सुरुवात केली. नंतर म्हणाली, आता तुमच्यासोबत मला शून्यापासून करायचंय ताई. मी म्हटलं, शून्यापासून नाही, एकवीसपासून. तेव्हा हसली. चेन्नईला दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. पहिले दोन आठवडे पहाटे आत्या माझ्याजवळ येऊन बसायच्या. नवऱ्यानं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, काही विचारायच्या नाहीत. त्यांच्या वेळी चऱ्होलीत कुणाचं लग्न कसं मोडलं, कुणाची म्हैस कुणाच्या विहिरीत पडली, असलं काहीतरी सांगत राहायच्या. मी अर्धं ऐकायचे. तो विचार आला तर मला त्यांना फक्त "आत्या, आला" एवढं म्हणायचं होतं, आणि मी तेरा वेळा म्हटलं. तक्त्यावर तेरा खुणा आहेत, त्या त्या दिवशी केलेल्या.

गच्चीवरच्या फेऱ्या चालू झाल्या. रोज नाही. ज्या दिवशी झाल्या नाहीत त्या दिवशी चौकोन रिकामा आहे. आकडा एकवीस, वीस, वीस, सतरा, एकोणीस, चौदा असा हिंडला. सतरावरून एकोणीस झाला त्या मंगळवारी मी बसमधून उतरून परत जायच्या बेतात होते. गेले नाही. एकोणीस म्हणजे एकोणीस.

कंपनीत मी सुपरवायझरला सांगितलं की मला मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास आधी निघावं लागेल, डिप्रेशनचे उपचार चालू आहेत. पाठदुखी सांगता आली असती. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला? मी म्हटलं, हो, मला, आणि फॉर्म कुठला भरायचा ते सांगा.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत फोन आला. आवाज अनोळखी, बाईचा. तिनं सांगितलं की ती अभ्यासातर्फे बोलतेय, तपासणीसाठी. मला कुठले उपचार मिळतात हे तिला माहीत नाही आणि मीही सांगायचं नाही. उपचार माहीत असले की ऐकणाऱ्याचा कल आकड्यात उतरतो, म्हणून प्रश्न विचारायला असा कोरा माणूस ठेवतात. नऊ प्रश्न आहेत, ती म्हणाली. आता एकट्या आहात का, की मी संध्याकाळी करू?

मी एकटी नव्हते. कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर स्टोअरच्या दोघी डबा खात होत्या, आणि मागच्या टेबलावर लाइनची माणसं. उठून बाहेर जाता आलं असतं. बाहेर फोर्कलिफ्टचा आवाज असतो, आणि तिथं उभं राहून मी काय काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. छान आहे, मस्त आहे, शून्य, शून्य.

"विचारा," मी म्हटलं.

तिनं विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत स्टोअरच्या दोघींचं बोलणं बंद झालं होतं. मी आवाज खाली केला नाही, वरही केला नाही. झोप, एक. थकवा, दोन. लक्ष लागणं, एक. एकीनं दुसरीला कोपर मारल्याचं मला दिसलं. मग नववा आला. ती बाई प्रश्न पूर्ण वाचते, एकही शब्द गाळत नाही, मला ते आवडलं.

"काही दिवस," मी म्हणाले. "एक लिहा."

तिनं विचारलं, नक्की ना?

"नक्की. शून्य झाला की शून्य सांगेन."